दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी पदवी अभ्यासक्रमातील सवलती: नागपुरात अर्ज कधी, कुठे आणि कोणत्या कागदांसह

राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसारचे पदवी अभ्यासक्रम २०२४-२५ पासून लागू झाले. दिव्यांग विद्यार्थ्याच्या दृष्टीने त्यातला सर्वांत मोठा बदल मूल्यमापनाचा आहे. पूर्वी हिवाळी किंवा उन्हाळी परीक्षेचा अर्ज भरताना लेखनिक आणि जादा वेळ मागितला की बहुतेकांचे काम भागत असे. आता अंतर्गत चाचण्या, क्षेत्र प्रकल्प, ऑन जॉब ट्रेनिंग (प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणचे प्रशिक्षण) आणि सहअभ्यासक्रम या सर्वांचे श्रेयांक (क्रेडिट) मोजले जात असल्यामुळे सवलतीचा अर्ज सत्राच्या पहिल्या पंधरवड्यातच करणे शहाणपणाचे ठरते. प्रवेश अर्जात ‘दिव्यांग’ या रकान्यावर खूण केली म्हणजे पुढच्या सवलती आपोआप मिळतील, हा समज सोडून द्यावा.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये २१ प्रकारच्या दिव्यांगत्वाचा समावेश आहे. शासकीय आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागा राखीव असून वयोमर्यादेत ५ वर्षांची सूट आहे. मात्र त्यासाठी दिव्यांगत्व ४० टक्के किंवा अधिक असल्याचे प्रमाणपत्र लागते. विनाअनुदानित महाविद्यालयाला ही राखीव जागांची तरतूद लागू होत नाही. तरीही गरजेनुसार सोयी पुरवण्याविषयीचे कलम शासनमान्य संस्थांनाही उद्देशून आहे, त्यामुळे ‘आम्ही अनुदानित नाही’ हे उत्तर लेखनिक किंवा तळमजल्यावरील वर्ग नाकारण्यासाठी पुरेसे नाही.

दिव्यांगत्व प्रमाणपत्रासाठी अर्ज केवळ यूडीआयडीच्या (दिव्यांगांच्या विशिष्ट ओळखपत्राच्या) संकेतस्थळावर, म्हणजे स्वावलंबन पोर्टलवर करता येतो. १ जून २०२१ पासून प्रमाणपत्रे ऑनलाइन देणे बंधनकारक आहे. आधार, छायाचित्र, स्वाक्षरी, पत्त्याचा पुरावा आणि आधीचे उपचारांचे कागद अपलोड करून तपासणीचे रुग्णालय निवडावे लागते. नागपूरकर ज्यांना नुसते मेडिकल आणि मेयो म्हणतात, ती दोन्ही शासकीय रुग्णालये याच कामासाठी अनेकांच्या परिचयाची आहेत. तपासणीला जाताना मूळ कागद सोबत ठेवावेत. आधार आणि दहावीची गुणपत्रिका यांतील नावाचे स्पेलिंग एकच आहे का, हे आधीच पाहावे, कारण त्या एका अक्षरापायी पुढे शिष्यवृत्तीचा अर्ज अडकतो.

लेखनिकाची मागणी प्राचार्यांमार्फत परीक्षा विभागाकडे जाते. केंद्र शासनाच्या ऑगस्ट २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार (त्यांच्या जागी ऑगस्ट २०२५ मध्ये सुधारित सूचना आल्या) अंधत्व, दोन्ही हातांचे दिव्यांगत्व आणि सेरेब्रल पाल्सी (मेंदूचा पक्षाघात) असलेल्यांना मागणी करताच लेखनिक मिळावा असे होते. इतर प्रकारांत, लिहिण्यास शारीरिक मर्यादा असल्याचे जिल्हा शल्यचिकित्सक किंवा शासकीय रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांचे विहित नमुन्यातील पत्र जोडावे लागते. जादा वेळ ताशी किमान २० मिनिटे, म्हणजे तीन तासांच्या पेपरला पूर्ण एक तास आहे. लेखनिक स्वतः आणायचा असल्यास २०१८ च्या सूचनांनुसार त्याची पात्रता परीक्षार्थ्यापेक्षा एक पायरी खालची असावी लागे आणि तसे हमीपत्र द्यावे लागे. त्यामुळे वर्गमित्राला बसवण्याचा बेत येथे चालत नाही. भाषेचा पेपर आणि गणिताचा पेपर यांसाठी वेगवेगळे लेखनिक मागता येतात, ही सोय फार थोड्यांना माहीत असते. दिव्यांगत्व ४० टक्क्यांपेक्षा कमी असले तरी दार बंद नाही. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये विकास कुमार प्रकरणात लेखनिक मिळण्याचा हक्क टक्केवारीला बांधता येणार नाही असे स्पष्ट केले आणि त्यानंतर १० ऑगस्ट २०२२ रोजी अशा उमेदवारांसाठी स्वतंत्र सूचना निघाल्या.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्या कलम १७ मध्ये दुसऱ्या व तिसऱ्या भाषेच्या अभ्यासक्रमातून सूट देण्याचा उल्लेख आहे. कर्णबधिर आणि अध्ययन अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांना तिचा विशेष उपयोग होतो. परंतु नव्या रचनेत भाषेलाही श्रेयांक असल्याने सूट मागण्याच्या अर्जातच त्या भाषेऐवजी कोणता विषय हवा हे लिहावे. ऑन जॉब ट्रेनिंगसाठी व्हीलचेअर जाऊ शकेल असे ठिकाण, मैदानी खेळाऐवजी दुसरा सहअभ्यासक्रम, दृष्टिबाधितांसाठी स्क्रीन रीडरवर वाचता येतील अशा टिपणांच्या फायली, या मागण्याही त्याच अर्जात नेमक्या शब्दांत मांडाव्यात. ‘योग्य ती मदत मिळावी’ एवढ्या वाक्यावर कोणतेही कार्यालय काही करू शकत नाही. शस्त्रक्रिया किंवा दीर्घ उपचारांमुळे शिक्षण थांबवावे लागले, तर पहिल्या वर्षाचे ४० ते ४४ श्रेयांक आणि त्यासोबतचा ४ श्रेयांकांचा कौशल्य अभ्यासक्रम पूर्ण करून प्रमाणपत्रासह बाहेर पडता येते. तीन वर्षांच्या आत परतल्यास शिक्षण पुढे सुरू होते, आणि पदवीसाठी एकूण कमाल मुदत सात वर्षांची आहे.

शिष्यवृत्तीसाठी राज्याची मॅट्रिकोत्तर (दहावीनंतरच्या शिक्षणाची) योजना राज्य शासनाच्या महाडीबीटी पोर्टलवर, तर केंद्राची योजना राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर आहे. केंद्राच्या योजनेत ४० टक्के दिव्यांगत्व आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाख रुपयांपर्यंत अशी अट असून तिच्यासोबत दुसरी शिष्यवृत्ती घेता येत नाही. त्यामुळे दोन्हीकडे अर्ज टाकून बसण्यापेक्षा आधी रक्कम पाहून एक निवडावी. उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, मागील गुणपत्रिका, शुल्काची पावती, बोनाफाईड आणि आधारशी जोडलेले बँक खाते ही कागदपत्रे जूनमध्येच तयार ठेवावीत, कारण निकालानंतर सेतू केंद्रांवर गर्दी असते.

महाविद्यालयातील समान संधी कक्षात अर्ज देताना दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्यावा. शासकीय आस्थापनेत नेमलेल्या तक्रार निवारण अधिकाऱ्याने तक्रार नोंदल्यापासून दोन आठवड्यांत चौकशी करणे कायद्याने बंधनकारक आहे, आणि तेथे दाद न मिळाल्यास पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयाकडे जाता येते. त्या तक्रारीला मूळ अर्जाची शिक्का असलेली प्रतच जोडावी.