विडिकम-इन-द-मूर

विडिकम-इन-द-मूर : इंग्लंडच्या नैर्ऋत्येकडील डेव्हन काउंटीतील खेडे. डार्टमूर या उंच माळाच्या पूर्व अंगाला, ईस्ट वेबर्न या छोट्या नदीच्या खोऱ्यात ते वसले आहे. मूर म्हणजे उंचावरची, आम्लधर्मी मातीची, जवळपास झाडे नसलेली पावसाळी जमीन. हेदरची जांभळ्या फुलांची खुजी झुडपे, गॉर्सची पिवळ्या फुलांची काटेरी झुडपे, राठ गवत आणि पीटची (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थरांची) दलदल हे तिचे नेहमीचे रूप. डार्टमूरला १९५१ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला असून त्याचे क्षेत्र सुमारे ९५४ चौ. किमी. आहे. विडिकममध्ये हिरवळीचे मैदान, चर्च, पब आणि मोजकी घरे एवढाच गावठाणाचा पसारा; उरलेली वस्ती खोऱ्यातल्या वाड्यांवर आणि एकट्यादुकट्या शेतघरांत विखुरलेली. पर्यटक या माळाला ‘अस्पर्श निसर्ग’ म्हणतात ते मात्र खरे नाही. इथल्या भूमीवर माणसाचा हात फिरला नाही असा तुकडा शोधूनच काढावा लागेल.

खोऱ्याच्या पश्चिमेला हॅमलडाउनची लांबलचक सोंड आहे. तिचा माथा सुमारे ५३० मीटर उंच. पूर्वेला हनीबॅग, चिंकवेल, बेल ही टॉरची रांग आणि तिच्या दक्षिण टोकाला बोनहिलचे खडक. टेकडीच्या माथ्यावर उघडे पडलेले ग्रॅनाइटचे ढिगारे म्हणजे टॉर. सुमारे २८ कोटी वर्षांपूर्वी जमिनीखाली खोलवर थिजलेल्या शिलारसाचा हा ग्रॅनाइट आहे. वरचे थर झिजून गेल्यावर तो उघडा पडला आणि पुढे पाणी व हिमाने त्याच्या भेगा रुंदावत नेल्या, म्हणून हे खडक कोणी हाताने रचल्यासारखे दिसतात. जवळ जाऊन पाहिले, की दगडात अंगठ्याएवढे पांढरे फेल्डस्पारचे स्फटिक दिसतात. पावसाने भोवतालचा दगड आधी झिजतो, स्फटिक मागे राहतात, आणि पृष्ठभाग हाताला खरखरीत लागतो.

एके काळी हा माळ बराचसा जंगलाखाली होता. शिकारी टोळ्यांनी तो जाळायला सुरुवात केली आणि कांस्ययुगातील शेतकऱ्यांनी उरलेला साफ केला. इ. स. पू. १५०० च्या सुमारास त्यांनी मैलोन्‌मैल समांतर जाणारे दगडी बांध घातले. ‘रीव्ह’ नावाने ओळखले जाणारे हे बांध रिपन टॉरच्या उतारावर आजही दिसतात. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात तर फारच स्पष्ट. जमिनीची एवढी शिस्तबद्ध वाटणी एकेकट्या कुटुंबाच्या आवाक्यातली नव्हे. हॅमलडाउनच्या उत्तर टोकाशी ग्रिम्सपाउंड ही त्याच काळातली वस्ती आहे : जाड दगडी कोटाच्या आत २४ गोल घरांची जोती. १८९४ मध्ये तिचे उत्खनन झाले आणि उत्साहाच्या भरात कोटाची काही डागडुजीही झाली. त्यामुळे आज दिसणारी सगळीच भिंत प्राचीन समजू नये. हॅमलडाउनवरच्या एका थडग्यात १८७२ मध्ये कांस्याच्या खंजिराची मूठ सापडली होती; अंबरची (जीवाश्म राळेची) आणि बारीक सोन्याच्या टाचण्यांनी मढवलेली. ती प्लिमथला नेली आणि दुसऱ्या महायुद्धातील बाँबहल्ल्यात तिथेच नष्ट झाली.

पुढे हवा थंड व ओली होत गेली, पीटचे थर वाढले आणि उंचावरची शेती उठली. मध्ययुगात माणसे पुन्हा वर सरकली. गावाच्या ईशान्येला हाउंड टॉरच्या पायथ्याशी त्या काळच्या ओस गावाचे अवशेष आहेत. तिथल्या कोठारांमध्ये नंतर बसवलेल्या धान्य वाळवायच्या भट्ट्या सापडल्या : पीक उन्हात वाळेनासे झाले, तेव्हा लोकांनी भट्टी पेटवली. चौदाव्या-पंधराव्या शतकांत हे गाव सुटले.

त्या घरांची जात मात्र टिकली. लांबघर हा डार्टमूरच्या शेतकऱ्याचा खास वास्तुप्रकार; विडिकम पॅरिशमधील (म्हणजे तिथल्या चर्चच्या हद्दीतील) पाउंड्सगेटजवळचे हायर अपाकॉट हे त्याचे उत्तम उदाहरण. हे मूळ चौदाव्या शतकातले घर उद्यान प्राधिकरणाच्या मालकीचे आहे. घर उतारावर आडवे न बांधता उताराच्या दिशेने लांबवलेले असते. दार एकच, माणसेही त्यातून येणार, गुरेही. आत शिरल्यावर चढाच्या बाजूला चूल आणि राहती खोली, उताराच्या बाजूला गोठा. गोठ्यात भिंतीलगत दावण व गव्हाण, मधोमध दगडी नाली, आणि शेणमूत थेट बाहेर जावे म्हणून शेवटच्या भिंतीच्या तळाशी भोक. उतारामुळे पाणी कधीच माणसांच्या बाजूला येत नाही, आणि थंडीत गुरांची ऊब घराला मिळते. बहुतेक लांबघरांतले गोठे पुढे बैठकीच्या खोल्या झाले. अपाकॉटचा गोठा तसाच राहिला, म्हणून त्याचे मोल.

शेतीपेक्षा जास्त पैसा कथिलात होता. नदीच्या गाळातले कथिलाचे खनिज पाण्याच्या प्रवाहाने धुऊन वेगळे काढत आणि पाणचक्कीवर चालणाऱ्या भात्यांच्या भट्टीत वितळवत. १२०१ मध्ये जॉन राजाने सनद देऊन कथिल-कामगारांना त्यांचे स्वतंत्र हक्क दिले. पुढे त्यांची स्वतःची न्यायालये आणि तुरुंगही झाले. मालाचे वजन व मोहोर ॲशबर्टन, चॅगफर्ड, टॅव्हिस्टॉक अशा ठरलेल्या गावांतच होई. वेस्ट वेबर्नच्या उगमाकडची गोल्डन डॅगर खाण तर विसाव्या शतकापर्यंत चालली. ओढ्याकाठचे आजचे खड्डे आणि उंचवटे या उकराउकरीतून झालेले आहेत.

सेंट पँक्रसचे चर्च मुख्यतः चौदाव्या शतकातले. त्याचा सुमारे १२० फूट उंच मनोरा कथिलाच्या पैशावर उभा राहिला असे परंपरा सांगते. एवढ्याशा गावाला एवढे मोठे चर्च, म्हणून त्याला ‘मूरचे कॅथीड्रल’ म्हणतात. छताच्या लाकडी पट्ट्या जुळतात तिथल्या कोरीव ठोकळ्यांपैकी एकावर तीन ससे गोलात धावताना दिसतात. प्रत्येकाला दोन कान, पण एकूण कान तीनच, कारण प्रत्येक कान दोघांत सामाईक. हे कथिल-कामगारांचे चिन्ह असल्याचे गाइड हमखास सांगतात. त्याला आधार नाही. हेच चित्र चीनमधील दुनहुआंगच्या लेण्यांत सुमारे १,४०० वर्षांपूर्वीचे सापडते. ते इथवर कसे आले, हा प्रश्न गाइडच्या उत्तरापेक्षा कितीतरी रंजक आहे.

माळावरच्या दूरच्या वाड्यांना हे चर्च मिळाले ते अर्ज करून. बाबेनी व पिझवेल येथील रहिवासी लिडफर्ड पॅरिशमध्ये मोडत, म्हणजे मयत झाली की प्रेत अख्खा माळ ओलांडून पश्चिमेला न्यावे लागे : चांगल्या हवेत आठ मैल, नद्यांना पाणी असताना वळसा घालून पंधरा. १२६० मध्ये एक्सेटरच्या बिशपने त्यांना विडिकमला दफनाची परवानगी दिली. डार्टमीटच्या चढावर या वाटेवरचा ‘शवपेटीचा दगड’ अजून आहे. खांदेकरी तिथे पेटी टेकवून दम खात; दगडावर मृतांची आद्याक्षरे आणि क्रूस कोरलेले आहेत.

२१ ऑक्टोबर १६३८ रोजी, रविवारी, प्रार्थना चालू असताना चर्चवर वीज पडली. आत सुमारे ३०० लोक होते. आगीचा गोळा चर्चमधून फिरला, मनोऱ्याचा एक कळस छत फोडून खाली आला. चार जण ठार झाले, सुमारे ६० जखमी. लंडनमध्ये त्यावर लगोलग पत्रके छापली गेली, आणि गोलक विजेच्या सर्वांत जुन्या वर्णनांत त्यांची गणना होते. गावाने मात्र वेगळा खुलासा केला : जुगारी जॅन रेनल्ड्सला न्यायला सैतान आला होता. वाटेत त्याने पाउंड्सगेटच्या पबात बिअर मागितली आणि ती त्याच्या घशातून चर्र करत उतरली. रेनल्ड्सला उचलून नेताना त्याच्या हातचे चार एक्के बर्च टॉरजवळ पडले. तिथली बांधाची चार जुनी वावरे त्याची साक्ष म्हणून दाखवतात. शाळामास्तर रिचर्ड हिलने या आपत्तीवर रचलेली पद्ये चर्चमधील रंगवलेल्या फळ्यांवर वाचता येतात.

गावाची आजची कीर्ती सप्टेंबरच्या दुसऱ्या मंगळवारी भरणाऱ्या जत्रेवर आहे. मुळात हा गुरांचा बाजार. करड्या घोडीवर लादून जत्रेला निघालेल्या टॉम कॉबली आणि मंडळींचे लोकगीत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस छापले गेले आणि जत्रा देशभर माहीत झाली. गीतात घोडी बिचारी मरते. गावाने तिला आपल्या नावाच्या पाटीवर कायमची जागा दिली.

चराऊ माळ आपल्या गायरानासारखा वाटला तरी मालकी खासगी असते. ठरावीक शेतघरांना गुरे चारण्याचा आणि काहींना पीट काढण्याचा परंपरागत हक्क असतो. अर्धरानटी दिसणारी डार्टमूर तट्टेही कोणाच्या ना कोणाच्या मालकीची असतात. शरद ऋतूत ती हाकून आणून मालकवार वेगळी करतात. हिवाळ्याच्या अखेरीस जुने गॉर्स व हेदर जाळून कोवळ्या गवताला वाट करून देतात. १९८५ च्या कायद्याने या माळावर सर्वांना पायी फिरण्याचा हक्क दिला. त्यात तंबू ठोकून रात्र काढणे बसते का, यावर जमीनमालक आणि उद्यान प्राधिकरण यांच्यात खटला चालला. मे २०२५ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने बसते असा निकाल दिला. चराईचा वाद अजून धुमसतो आहे. विसाव्या शतकात अनुदानांमुळे मेंढ्या वाढून हेदर खुरटले. आता कित्येक भागांत जांभळ्या मूर-गवताचे राठ ठोंब माजले आहेत, आणि ते मोडायला उन्हाळ्यात गुरे व तट्टे हवीत, असे २०२३ अखेरच्या सरकारी आढाव्यातही म्हटले आहे.