धातूंच्या व्यापारातले ग्रह आणि किमया (खान्देश)

सोनं, चांदी, तांबं, लोखंड घेताना-विकताना आपण जे वार, नक्षत्र, ग्रह बघतो आणि परीस-किमयेच्या (किमया म्हणजे हलक्या धातूचं सोनं करायची विद्या) ज्या जुन्या कल्पना अजून बाजारात फिरतात, त्यांच्याबद्दल ही नोंद. खान्देशात हे सगळ्यात ठळक दिसतं ते जळगावच्या सराफ बाजारात, लोक जळगावला सुवर्णनगरी म्हणतात ते काय उगाच नाही. आखाजी (अक्षय तृतीयेला इकडे आखाजीच म्हणतात), दसरा, धनत्रयोदशी आणि गुरुपुष्यामृत या दिवसांना गुंजभर तरी सोनं घ्यायचं, आणि शनिवारी लोखंड घरात आणायचं नाही, मग वखराची पास (पातं) का असेना, ती रविवारी.

गुरुपुष्यामृत म्हणजे गुरुवारी आलेलं पुष्य नक्षत्र. गुरूचा रंग पिवळा, सोनंही पिवळं, म्हणून सोनं गुरूचं असं आता सगळे धरून चालतात. पण सहाव्या शतकातल्या वराहमिहिराचं बृहज्जातक हा ज्योतिषाचा ग्रंथ बघा, तिथे वाटणी वेगळीच आहे, सूर्याकडे तांबं, मंगळाकडे सोनं, गुरूकडे चांदी आणि शनीकडे लोखंड. युरोपातल्या किमयागारांनी तिसरीच लावली होती: सूर्य सोनं, चंद्र चांदी, बुध पारा, शुक्र तांबं, मंगळ लोखंड, गुरू कथील, शनी शिसं. सोन्यासाठी ते वर्तुळात टिंब काढायचे, चांदीसाठी चंद्रकोर, आणि तांब्या-लोखंडाची त्यांची चिन्हं म्हणजे आज स्त्री-पुरुष दाखवायला वापरतात तीच. आता एकाच सोन्याला तीन ठिकाणी तीन मालक असतील तर ग्रह धातूच्या अंगात नसतो, तो माणसांनी नेमलेला असतो, हे मान्य करायला काय हरकत आहे. सण म्हणून सोनं घ्या, मनापासून घ्या, त्यात चूक काहीच नाही.

फक्त मुहूर्ताने ठरते ती गर्दी, भाव नाही. भावाचा पाया लंडनच्या बाजारात, डॉलरच्या दरात आणि आयात शुल्कात असतो. लंडनमध्ये रोजचा भाव ठरवायची पद्धत 1919 मध्ये सुरू झाली, आणि 23 जुलै 2024 च्या बजेटमध्ये आयात शुल्क 15 वरून 6 टक्के झालं तेव्हा आपल्याकडे सोनं लगेच उतरलं, त्या दिवशी कुठला ग्रह कुठे होता याच्याशी त्याचा संबंध नाही. तरी वायदेबाजारात चौघडिया, म्हणजे दिवसाचे ग्रहांना वाटून दिलेले शुभ-अशुभ भाग, बघून सौदा टाकणारे आहेत (लाभ बुधाचा, अमृत चंद्राचं, शुभ गुरूचं, काळ शनीचा), आणि अमेरिकेतल्या डब्ल्यू. डी. गॅन या जुन्या सट्टेबाजाच्या नावाने ग्रहांवरून टिप्स विकणारेही आहेत. कापसाचे पैसे अशा टिपेवर लावू नयेत असं कळकळीने सांगावंसं वाटतं.

किमयेचं मात्र तसं नाही, तिच्यातून खरं काहीतरी निघालं. आपल्या रसशास्त्रात, म्हणजे पारा आणि धातूंच्या जुन्या विद्येत, पारा शिवाचा आणि गंधक पार्वतीचं, पाऱ्यावर करायच्या अठरा क्रिया, म्हणजे संस्कार, सांगितलेत, आणि हलक्या धातूचं सोनं करणं याला लोहवेध म्हणायचे. सोनं झालं नाही, पण गाळणं, उडवणं (तापवून वाफ करणं), भस्म करणं ही कामं या मंडळींनी बारकाईने लिहून ठेवली. तिकडे न्यूटनही किमयेत बुडालेला माणूस, आणि त्यानेच टांकसाळीचा प्रमुख असताना 1717 मध्ये इंग्लंडच्या सोन्याचा भाव बसवून दिला, जो पुढे बराच काळ टिकला! किमयेचा आजचा खरा वारसदार म्हणजे गलाईवाला. सांगलीकडची, खानापूर-आटपाडी भागातली ही माणसं देशभर सराफ पेठांमध्ये सोनं गाळतात. जुना दागिना आटवायचा, त्यात चांदी मिसळून तेजाबात (शोऱ्याच्या आम्लात) टाकायचा, चांदी-तांबं विरघळून जातं आणि सोनं खाली राहतं. यात मंत्र नाही, पण नजर आणि हात लागतो.

याच रसायनाची वाईट बाजू पण माहीत असावी. दुपारी घरात बायकाच असताना दागिने उजळून देतो म्हणत जे येतात ते नुसत्या तेजाबाने नाही, आम्लराजाने काम करतात, म्हणजे शोऱ्याचं आणि मिठाचं आम्ल एकत्र. सोनं त्यातच विरघळतं, दागिना चकचकीत होऊन परत हातात येतो आणि वजन केल्याशिवाय काही कळत नाही. सहा अक्षर-अंकांचा हॉलमार्कचा नंबर (1 एप्रिल 2023 पासून विकताना सक्तीचा) शुद्धता सांगतो, असं घटलेलं वजन सांगत नाही, म्हणून बिलावरचं ग्रॅममधलं वजन जपून ठेवायचं.