पोटाचे व्हायरस: अन्न-पाण्यातून प्रसार

नोरोव्हायरस, रोटाव्हायरस, शिवाय काविळीचे हेपॅटायटिस ए आणि ई, हे सगळे आजारी माणसाच्या विष्ठेतून बाहेर पडतात (नोरो उलटीतूनही) आणि पाणी, हात किंवा अन्न यातून दुसऱ्याच्या तोंडात जातात. ए आणि ई लिव्हर बिघडवतात, पण शिरतात तोंडातूनच, म्हणून त्यांनाही इथेच धरलंय.

बॅक्टेरिया अन्नात वाढतात, अन्न नासतं, वास येतो. व्हायरस अन्नात अजिबात वाढत नाही, नुसता बसून राहतो, त्यामुळे चव-वास काहीच बदलत नाही, आणि नोरोचे शंभराच्या आतले कणसुद्धा आजारी पाडायला पुरतात. जुलाब लागले की आपण शिळ्या भाजीला दोष देतो, पण ताजी कोशिंबीर चिरणाऱ्याला परवाच जुलाब झाले असतील तर खरा संशय तिच्यावर घ्यायला हवा, कारण बरं वाटल्यावरही दोन आठवडे किंवा जास्त दिवस व्हायरस विष्ठेतून पडत राहतो. फ्रिज काय, फ्रीझरही त्याला मारत नाही. २०१२ मध्ये जर्मनीत शाळांच्या जेवणातल्या फ्रोझन स्ट्रॉबेरीमुळे सुमारे ११ हजार जण, बहुतेक मुलं, आजारी पडली.

पाण्याचं गाजलेलं उदाहरण दिल्लीचं. १९५५ च्या पुरानंतर यमुनेचा प्रवाह बदलला आणि नाल्याचं सांडपाणी वझीराबादच्या पाणीपुरवठा केंद्रात घुसलं. तिथल्या लोकांनी क्लोरीन वाढवलं, टायफॉइडची साथ आली नाही, पण कावीळ झालीच, सुमारे २९ हजार लोकांना. बॅक्टेरिया मेले, व्हायरस वाचले. साठवून ठेवलेले रक्ताचे नमुने पुढे तपासले तेव्हा कळलं की ही ए कावीळ नव्हतीच, आज तिला ई म्हणतात. गरोदर बायकांच्या जिवावर बेतते ती हीच.

आपल्याकडे २०१२ मध्ये इचलकरंजीत ई काविळीची मोठी साथ आली होती. बऱ्याच गावांत नळाला दिवसातून तासभरच पाणी येतं. पाणी बंद झालं की पाइपातलं प्रेशर जातं आणि शेजारून गटार वाहत असेल तर फुटक्या जॉइंटमधून घाण आत ओढली जाते, म्हणजे टाकीत टीसीएल (क्लोरीनची) पावडर नीट टाकूनही घरात येणारं पाणी खराब असू शकतं. कँडलचा फिल्टर इथे उपयोगाचा नाही, व्हायरस त्याच्या छिद्रांपेक्षा कितीतरी बारीक असतो. पाणी खळखळ उकळायचं, हा भरवशाचा उपाय. पाणीपुरीच्या गाडीवर पाण्याइतकंच बर्फाकडेही बघा.

नोरोवर सॅनिटायझर फारसा चालत नाही, साबण लावून हात चोळून धुवायचे, व्हायरस पाण्याबरोबर वाहून जातो. उलटीची जागा ब्लीचने पुसावी. ज्याला जुलाब-उलट्या झाल्यात त्याने त्या थांबल्यावरही किमान दोन दिवस दुसऱ्यांसाठी स्वयंपाक करू नये, मग लग्नघर असलं तरी. रोटाची लस मात्र आहे, भारतात २०१६ पासून सरकारी लसीकरणात आली, बाळाला ६, १० आणि १४ आठवड्यांना तोंडावाटे देतात.