सिग्नल गेला तरी डिश फिरवू नका

‘टीव्ही बंद पडलाय. डिश जरा हलवून बघितली, पण काही फरक नाही.’ आम्हाला येणारे निम्मे फोन असेच सुरू होतात. मूळ बिघाड दहा मिनिटांचा असतो, पण डिश हलवली म्हटल्यावर आमच्या माणसाचा अर्धा दिवस तिथेच जातो आणि रांगेतल्या पुढच्या ग्राहकाला ‘उद्या येतो’ असं सांगावं लागतं. म्हणून हे पत्रक.

नीट आवळलेली डिश साध्या वाऱ्याने जागची हलत नाही. रात्री चित्र स्वच्छ होतं आणि सकाळी गेलं, तर दोष बहुधा कनेक्टर, वायर, एलएनबी (डिशपुढच्या दांडीवरचा, सिग्नल घेणारा छोटा डबा) नाहीतर रिमोटच्या एखाद्या बटणाचा असतो. आम्ही बसवलेल्या प्रत्येक डिशचा क्लॅम्प आणि पाइप यांच्यावरून एक तांबडी रेघ ओढलेली असते. ती सलग दिसत असेल तर डिश होती तिथेच आहे. रेघ तुटलेली दिसली, तर मात्र फोनवर आधी तेच सांगा.

हलवून बघायची सवय जुन्या अँटेनाची. एकाने वर अँटेना फिरवायचा, दुसऱ्याने खिडकीतून ‘आलं, आलं… गेलं!’ म्हणून ओरडायचं. पडद्यावरच्या मुंग्या कमी-जास्त व्हायच्या, त्यावरून आपण बरोबर दिशेला चाललोय का ते कळायचं. डिजिटलमध्ये हा अंदाज मिळत नाही. चित्र एकतर चांगलं येतं किंवा येतच नाही. चौकोन पडत, अडकत दिसण्याचा टप्पा फार छोटा. शिवाय टीव्हीजवळच्या सेट-टॉप बॉक्सला सिग्नल पकडायला काही सेकंद लागतात, आणि तेवढ्यात हात नेमकी जागा ओलांडून पुढे गेलेला असतो.

उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६ हजार किलोमीटरवर असतो. डिशची दिशा एका अंशाने चुकली तर तिथे ६०० किलोमीटरहून जास्त फरक पडतो. इथे गच्चीवर तो एक अंश म्हणजे ६० सेंटीमीटरच्या डिशची कड जेमतेम अर्धा सेंटीमीटर सरकणं. एवढी चुकलेली डिश उघडिपीत चालतेही, आणि पहिल्या जोरदार सरीला बंद पडते. मग ‘तुमच्या डिशचं पावसात काही खरं नाही’ हे आम्हीच ऐकून घेतो.

आणखी एक फसगत. बहुतेक घरगुती डिशमध्ये एलएनबी खालच्या बाजूने पुढे आलेला असतो. अशी डिश प्रत्यक्षात दिसते त्यापेक्षा वीसेक अंश वर बघत असते. ती समोरच्या भिंतीकडे तोंड करून उभी आहे असं वाटलं, तरी तिला आकाशाकडे उचलू नका. तिची जागा तीच आहे.

एका ग्राहकाकडे आम्ही पोचलो तेव्हा डिश चक्क तिरकी झाली होती. ‘सिग्नल सत्तर टक्के दाखवतोय, मग चित्र का नाही?’ हा त्यांचा प्रश्न. बॉक्सवर दोन पट्ट्या असतात: स्ट्रेंग्थ आणि क्वालिटी. स्ट्रेंग्थमध्ये एलएनबीचा स्वतःचा गोंगाटही मोजला जातो, त्यामुळे रिकाम्या आकाशाकडे बघणारी डिशसुद्धा बरी स्ट्रेंग्थ दाखवते. यांची क्वालिटी शून्य होती. आम्ही सिग्नल मोजायचा मीटर लावून डिश पुन्हा जुळवली, तरी चित्र नाहीच. शेवटी बॉक्समागचा कनेक्टर उघडला. वायरच्या जाळीची केसाएवढी एक तार मधल्या तांब्याच्या तारेला अधूनमधून टेकत होती. शॉर्ट. नवा कनेक्टर लावायला पाच मिनिटं लागली, त्याआधीची जुळवाजुळव अडीच तासांची. वर न जाता त्यांनी फोन केला असता तर बिलही तेवढंच कमी झालं असतं.

फोन करण्याआधी काय बघायचं? पडद्यावरचं ‘नो सिग्नल’ टीव्हीचं आहे की बॉक्सचं, हे आधी ओळखा. बॉक्सच्या रिमोटवर मेनू दाबा. मेनू दिसला नाही तर टीव्ही चुकीच्या एचडीएमआयवर आहे किंवा बॉक्सच बंद आहे. डिशचा काही संबंध नाही. मेनू दिसला तर बॉक्सचा प्लग काढून मिनिटभराने परत लावा. मागची वायर तपासायची असेल तर तीही प्लग काढूनच, कारण त्या वायरीतून वर एलएनबीला वीज जाते आणि चालू बॉक्सवर शॉर्ट झाला तर बॉक्सही जाऊ शकतो. फॅक्टरी रीसेट करू नका. साठवलेली सेटिंग पुसली गेली की एकाचे दोन बिघाड होतात.

अर्धी चॅनल दिसतात, अर्धी नाहीत, ही तक्रार ऐकून लोक सेवा देणाऱ्या कंपनीशी भांडतात. पॅकेज बरोबर असेल तर कारण बहुधा वायरीत सापडतं. बॉक्स एलएनबीला १३ किंवा १८ व्होल्ट पाठवतो आणि त्यावरून उभ्या किंवा आडव्या ध्रुवणाची (म्हणजे लहरींच्या कंपनाच्या दिशेची) चॅनल घ्यायची हे ठरतं. गंजलेल्या कनेक्टरमध्ये किंवा फार लांबवलेल्या स्वस्त वायरीत व्होल्टेज पडलं की एक गट गायब होतो. कधी एलएनबीच गेलेला असतो.

पावसाचं म्हणाल तर जोरदार सरीत चित्र जाणं हा बिघाड नाही. या लहरी पावसाच्या थेंबांत शोषल्या जातात आणि विखुरतात. सर ओसरली की चित्र आपोआप येतं. पाऊस थांबून तास झाला तरी आलं नाही, तर कनेक्टरमध्ये पाणी शिरलंय असं समजा. म्हणूनच आम्ही बाहेरचे कनेक्टर दाबून बसवतो, वर टेप गुंडाळतो आणि वायर घरात शिरण्याआधी तिला खाली झोळ देतो, म्हणजे पाणी तिथूनच टपकतं. काहींना ती वायर लोंबकळलेली दिसते आणि ते ती ओढून ताणून बांधतात. कृपया तिला तशीच राहू द्या.

मार्च आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास काही दिवस दिवसा ठरावीक वेळी थोडी मिनिटं चित्र जातं. तेव्हा सूर्य उपग्रहाच्या बरोबर मागे आलेला असतो. त्याला आमच्याकडे औषध नाही, आणि त्यासाठी भेटीचे पैसे घेणं आम्हाला बरं वाटत नाही.

महिनोन्‌महिने हळूहळू बिघडत गेलं असेल तर डिशसमोर झाड वाढलंय का, नवी टाकी आली का, डिशसमोर चादरी वाळत घातल्या आहेत का, ते बघा. चादर कोरडी असेल तर फारसं बिघडत नाही, ओली असेल तर बिघडतं.

‘एक बटण दाबलं, त्याचे पैसे?’ असं आम्हाला विचारलं जातं. माणूस आला, वर चढला, मीटर लावला, तेव्हा कुठे दोष बटणाचा आहे हे कळलं; आकार (शुल्क) त्या कामाचा आहे. तो टळावा म्हणूनच आम्ही फोनवर इतके प्रश्न विचारतो. हलवलेली डिश जुळवण्याचा आकार वेगळा असतो, आणि पावसात आम्ही कुणालाही शिडीवर चढवत नाही. वार्षिक तपासणी घेतलेल्या ग्राहकांचे कनेक्टर आम्ही पावसाळ्याआधी बदलतो. त्यांचे पावसातले फोन आम्हाला क्वचितच येतात.

फोन करताना बॉक्स चालू ठेवून समोर बसा. सिग्नलच्या पानावरचे स्ट्रेंग्थ आणि क्वालिटीचे दोन्ही आकडे, पडद्यावरचा एरर क्रमांक, सगळी चॅनल गेलीत की काही, आणि तांबडी रेघ सलग आहे का, एवढं सांगा. डिश हलवली असेल तर तेही सांगा. रागावणार नाही, फक्त मीटर बरोबर घेऊन येऊ.