इंग्लंड-वेल्समधला रिकॉल : रद्द झालेल्या शिक्षेसाठी पुन्हा तुरुंगात

इंग्लंड-वेल्समध्ये डिसेंबर २०१२ पासून कोणत्याही न्यायाधीशाला ‘आयपीपी’ ही अनिश्चित मुदतीच्या कैदेची शिक्षा नव्याने ठोठावता येत नाही. संसदेनेच ती रद्द केली. तरीही ३० जून २०२४ रोजी या शिक्षेखाली २,७३४ माणसं तुरुंगात होती. त्यांतली १,१३२ कधी सुटलीच नव्हती. उरलेली १,६०२ एकदा सुटून बाहेर गेलेली, आणि तिथून पुन्हा आत आणलेली. परत आत नेण्याच्या या वाटेला तिथे ‘रिकॉल’ म्हणतात. आयपीपीविषयी बोलताना लोक शिक्षा किती अन्यायाची होती एवढंच बोलतात. पण ती आजही माणसं गिळते आहे ती मुख्यतः रिकॉलमुळे. म्हणून त्याचा इतिहास नीट समजून घ्यायला हवा.

आयपीपी म्हणजे लोकांच्या संरक्षणासाठी दिलेली, शेवटची तारीख नसलेली कैद. न्यायाधीश फक्त किमान मुदत ठरवतो. तिला ‘टॅरिफ’ म्हणतात. टॅरिफ संपलं की दार उघडत नाही. आता या कैद्यापासून लोकांना धोका नाही, हे पॅरोल बोर्डाला पटावं लागतं. (महाराष्ट्रात पॅरोलवर कैदी काही दिवस घरी येतो आणि परत जातो. इंग्लंडमधला पॅरोल तसा नाही, ती खरी सुटका असते.) मात्र ही सुटका ‘लायसन्स’वर होते. कुठे राहायचं, कुणाला भेटायचं नाही, सुटलेल्यांवर देखरेख ठेवणाऱ्या प्रोबेशन अधिकाऱ्यासमोर कधी हजर व्हायचं, अशा अटी त्यात असतात. अट मोडली, किंवा अधिकाऱ्याला धोका वाढल्यासारखा वाटला, की लायसन्स रद्द होऊ शकतं.

ही कल्पना जुनी आहे. काळ्या पाण्याची शिक्षा झालेल्यांना ऑस्ट्रेलियातल्या वसाहतींत ‘तिकीट ऑफ लीव्ह’ मिळायचं : मुदत संपण्याआधी बाहेर राहा, कमवा, पण वागणं बिघडलं तर परत या. १८५३ च्या कायद्याने ही पद्धत खुद्द इंग्लंडमध्ये आली. त्या तिकिटांच्या पाठीमागे सूचना छापलेली असे. तिचा आशय असा, की तिकीट जप्त व्हायला नवा गुन्हा सिद्ध होण्याची गरज नाही. वाईट संगत असली, आळशी किंवा बदफैली जगणं असलं, पोट भरण्याचं प्रामाणिक साधन दिसत नसलं, तरी माणूस गुन्ह्याकडे वळतो आहे असं धरलं जाईल. आजचा रिकॉलही याच पायावर उभा आहे. घडलेल्या कृत्यापेक्षा घडू शकेल त्या कृत्याचा अंदाज त्यात मोठा ठरतो.

ही तिकिटं पुढे अंदमानातही चालली. आणि अटी घालून सोडण्याची रीत मराठी वाचकाला अपरिचित नाही. १९२४ मध्ये विनायक दामोदर सावरकरांना येरवड्यातून सोडलं ते रत्नागिरी जिल्ह्याबाहेर जायचं नाही आणि राजकारणात भाग घ्यायचा नाही, या अटींवर. त्या अटी १९३७ पर्यंत राहिल्या. माफी देताना सरकारने अट घालायची आणि अट मोडल्यास विनावॉरंट अटक करून उरलेली शिक्षा भोगायला लावायची, हा अधिकार भारतीय कायद्यात आजही आहे. पूर्वी तो फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४३२ मध्ये होता, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७३ मध्ये आहे.

इंग्लंडमध्ये पॅरोल बोर्ड आलं १९६७ च्या कायद्याने. त्याच्या दोनच वर्षं आधी खुनासाठीची फाशी बंद झाली होती. जन्मठेपेचे कैदी आता केव्हातरी सुटणार होते, आणि सुटल्यावरही मरेपर्यंत लायसन्सवर राहणार होते. त्यांना सोडायचं की नाही, परत आत आणायचं की नाही, हे ठरवायचे गृहमंत्री. बोर्ड बहुतेक बाबतींत फक्त सल्ला द्यायचं.

या रचनेत काय होऊ शकतं ते वीक्स खटल्यात दिसतं. १९६६ च्या डिसेंबरात सतरा वर्षांचा एक मुलगा पाळीव प्राण्यांच्या दुकानात शिरला. त्याच्या हातात शर्यतीच्या सुरुवातीला वाजवतात तसलं पिस्तूल होतं, आत फुसकी काडतुसं. आईचे तीन पौंड देणं होतं, आणि त्याच सकाळी तिने त्याला दुसरीकडे राहायला जागा शोध म्हणून सांगितलं होतं. लूट झाली ३५ पेन्सची, आणि तेवढेही पैसे नंतर दुकानातच जमिनीवर सापडले. त्याच दिवशी त्याने स्वतः पोलिसांना फोन केला. शिक्षा झाली जन्मठेप. न्यायालयांचा हेतू क्रूर नव्हता, हे इथे सांगायलाच हवं. मुलगा अस्थिर आहे, धोकादायक ठरू शकतो, पण तो सुधारला तर ठरावीक मुदतीच्या शिक्षेपेक्षा लवकर बाहेर येईल, असा तो विचार होता. प्रत्यक्षात तो १९७६ मध्ये सुटला. सव्वा वर्षानंतर, जून १९७७ मध्ये, त्याला रिकॉल करून पुन्हा तुरुंगात टाकलं.

१९८७ मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने निकाल दिला, की अशा माणसाला परत कैदेत टाकल्यावर त्या कैदेची वैधता तपासणारं, सोडण्याचा हुकूम देऊ शकणारं न्यायालयासारखं मंडळ असायलाच हवं. बहुतेक वेळा नुसता सल्ला देणारं, आणि कैद्याला त्याच्याविरुद्धची कागदपत्रं पूर्ण न दाखवणारं बोर्ड त्यात बसत नव्हतं. पुढच्या आणखी एका निकालानंतर १९९१ च्या कायद्याने निदान न्यायाधीशाच्या मर्जीने दिलेल्या जन्मठेपेपुरता तरी सुटकेचा निर्णय बोर्डाकडे आला.

खुनासाठी जन्मठेप झालेल्यांना २००२ पर्यंत थांबावं लागलं. त्या वर्षीच्या स्टॅफर्ड खटल्यातला माणूस खुनासाठी शिक्षा भोगून लायसन्सवर बाहेर होता आणि बनावट धनादेश-पासपोर्टच्या प्रकरणात पकडला गेला. त्या गुन्ह्याची मुदत भोगून झाल्यावर त्याला सोडावं असं बोर्डाने सुचवलं होतं. गृहमंत्र्यांनी नाही म्हटलं. युरोपीय न्यायालयाने विचारलं, की फसवणुकीच्या भीतीचा आणि तीन दशकांपूर्वीच्या खुनाचा संबंध काय? मूळ शिक्षा आणि आजची कैद यांच्यात कार्यकारणाचा धागा नसेल तर ती कैद मनमानी ठरते. मला हा निकाल या सगळ्या इतिहासातला सगळ्यात नेमका वाटतो. आजही अनिश्चित मुदतीच्या कैद्याला रिकॉल करताना प्रोबेशन अधिकाऱ्याला हा धागा दाखवावा लागतो : वागणं मूळ गुन्ह्याच्या वेळच्या वागण्यासारखं आहे, हिंसक वा लैंगिक गुन्ह्याकडे नेणारं आहे, किंवा माणूस संपर्कातून असा सुटला आहे की धोका मोजताच येत नाही.

एव्हाना आयपीपीचा कायदा लिहिला जात होता. गृहमंत्री डेव्हिड ब्लंकेट यांच्या काळातला २००३ चा हा कायदा एप्रिल २००५ पासून लागू झाला. त्याच्या परिशिष्टात १५३ हिंसक आणि लैंगिक गुन्हे होते. त्यांपैकी एखाद्यात आरोपी आधी दोषी ठरला असेल, तर तो धोकादायक आहे असं धरूनच चालायचं, असं न्यायाधीशांना बजावलेलं होतं. सरकारचा अंदाज होता की यासाठी ९०० जादा जागा लागतील. शिक्षा दिल्या गेल्या ८,७११. काहींचं टॅरिफ वर्षाच्याही आतलं होतं. गुन्ह्याच्या मानाने कैद काही महिन्यांची, आणि तिला शेवटच नाही.

धोका कमी झाला हे दाखवायला राग आवरण्याचे, विचार सुधारण्याचे ठरावीक कोर्स करावे लागत. स्थानिक तुरुंगांत ते नव्हतेच, आणि जिथे होते तिथे बदलीसाठी रांग. टॅरिफ संपून जायचं, कोर्स मिळायचा नाही, आणि कोर्स नाही म्हणून सुटका नाही. २०१२ मध्ये युरोपीय न्यायालयाने तीन कैद्यांच्या प्रकरणांत हीच कैद मनमानी ठरवली. त्यातल्या एकाचं टॅरिफ नऊ महिन्यांचं होतं.

२००८ मध्ये कायदा थोडा सैल झाला, २०१२ मध्ये शिक्षाच रद्द झाली. न्यायमंत्री केनेथ क्लार्क यांनी ती रद्द केली, पण आधी शिक्षा झालेल्यांना हात लावला नाही. हजारो लोक रद्द कायद्याखाली तसेच राहिले. एकेक करून ते सुटू लागले, आणि सुटताना प्रत्येकाच्या डोक्यावर लायसन्स होतं. ते संपवायचं तर पहिल्या सुटकेला दहा वर्षं व्हावी लागत, आणि मग पॅरोल बोर्डाने मान्य करावं लागे. कैद्यांमध्ये त्याला नव्याण्णव वर्षांचं लायसन्स म्हणत.

या दहा वर्षांत रिकॉल वाढत गेले. सुटलेला माणूस बहुधा तरुणपणी आत गेलेला, नोकरी नाही, घर नाही. त्याला आधी देखरेखीच्या वसतिगृहात ठेवतात. तिथली जागा गेली, दारू किंवा अंमली पदार्थ सापडले, जोडीदाराशी भांडण झालं आणि कुणी तक्रार केली, भेटीची वेळ चुकली, की प्रोबेशन अधिकारी वरिष्ठांची संमती घेऊन कागद न्याय मंत्रालयाच्या कक्षाकडे पाठवतो. लायसन्स मंत्र्याच्या नावाने रद्द होतं. पोलीस तक्रार न्यायालयात टिकली नाही तरी माणूस लगेच सुटत नाही. प्रकरण २८ दिवसांत पॅरोल बोर्डाकडे धाडावं लागतं, पण सुनावणी व्हायला महिने जातात. ठरावीक मुदतीच्या साध्या कैद्याला १४ किंवा २८ दिवसांसाठी रिकॉल करून आपोआप सोडता येत होतं. आयपीपीवाल्याला तशी सोय नव्हती. मद्यपानाबद्दल आत गेलेला माणूस वर्ष-दोन वर्षं आत राहू शकतो, आणि किती काळ ते त्याला कुणी सांगू शकत नाही. मला यातली हीच गोष्ट सगळ्यांत असह्य वाटते.

अधिकाऱ्यांवर नुसता दोष ठेवून चालणार नाही. २०१४ मध्ये प्रोबेशन सेवेचे दोन भाग करून एक भाग खासगी कंपन्यांना दिला गेला, २०२१ मध्ये पुन्हा जोडला गेला. त्या घुसळणीत अनुभवी माणसं गेली. २०२२ च्या जूनमध्ये पूर्व लंडनमध्ये एका तरुणीचा खून झाला. खुनी नऊच दिवसांपूर्वी तुरुंगातून सुटलेला, आणि त्याच्या रिकॉलला उशीर झालेला. तो आयपीपीचा कैदी नव्हता. पण चौकशीत प्रोबेशनवर ठपका आला, तेव्हा देशभरातल्या प्रत्येक अधिकाऱ्याने त्यातून काय धडा घेतला असेल हे समजायला अवघड नाही. रिकॉल केला आणि तो चुकीचा निघाला तर कुणी विचारत नाही. केला नाही आणि काही घडलं तर नाव वर्तमानपत्रात येतं.

२०२२ च्या सप्टेंबरात संसदेच्या न्याय समितीने सर्व आयपीपी कैद्यांना पुन्हा, ठरावीक मुदतीची शिक्षा द्यावी अशी शिफारस केली. सरकारने ती नाकारली. सर्वोच्च न्यायालयाचे माजी न्यायाधीश लॉर्ड ब्राऊन या शिक्षेला फौजदारी न्यायव्यवस्थेवरचा सर्वांत मोठा डाग म्हणत. खुद्द ब्लंकेट यांनी जाहीर खेद व्यक्त केला आणि लॉर्ड्समध्ये, म्हणजे संसदेच्या वरिष्ठ सभागृहात, बदलासाठी झटले. २००५ पासून ऐंशीहून अधिक आयपीपी कैद्यांनी तुरुंगात जीव दिला आहे.

बदल आला २०२४ च्या कायद्याने. दहा वर्षांची अट तीनवर आली. तीन वर्षांनी बोर्डाने लायसन्स संपवलं नाही, तरी पुढची सलग दोन वर्षं रिकॉलशिवाय बाहेर काढली की ते आपोआप संपतं. १ नोव्हेंबर २०२४ ला सुमारे १,८०० जणांची लायसन्स एका दिवसात संपली. तुरुंगाबाहेर असलेल्यांसाठी हे खरोखर मोठं पाऊल होतं. आत असलेल्यांना मात्र त्याचा उपयोग आधी बाहेर पडल्यावरच. जून २०२५ मध्ये माजी सरन्यायाधीश लॉर्ड थॉमस यांच्या गटाने सुचवलं, की पॅरोल बोर्डाने प्रत्येकाला दोन वर्षांच्या आतली सुटकेची तारीखच द्यावी. सरकार पुन्हा शिक्षा ठरवायला तयार नाही. धोकादायक माणसं तपासणीविना सुटतील, हे त्याचं कारण.

नव्या नियमातल्या ‘सलग’ या अटीमुळे रिकॉलचं वजन उलट वाढलं आहे. तेविसाव्या महिन्यात रिकॉल झाला, तर पुढच्या सुटकेनंतर दोन वर्षं पहिल्यापासून मोजायची. रिकॉल उगाच झाला होता असं दिसलं, तर तो हिशेबात न धरण्याचा अधिकार मंत्र्याला मिळाला आहे, आणि बोर्डाची वाट न पाहता सोडण्याचाही. हे दोन्ही अधिकार किती वेळा वापरले जातात, यावर आत असलेल्यांची आणि त्यांच्या घरच्यांची नजर आहे.