एडीएचडी असलेले मूल उशिरा झोपते, ते हट्टापायीच का?

‘एडीएचडी (लक्ष न टिकणे व अतिचंचलता यांचा विकार) असलेल्या मुलाला शिस्त नसते, म्हणून ते वेळेवर झोपत नाही,’ असा समज वर्षानुवर्षे फिरत आहे. अंधार पडू लागला की मेंदूतील पिनिअल ग्रंथीतून मेलाटोनिन हे संप्रेरक स्रवू लागते आणि शरीराला रात्र झाल्याची सूचना मिळते. परंतु लवकर झोप न लागणाऱ्या अशा अनेक मुलांमध्ये ही सूचनाच उशिरा मिळते, असे मंद प्रकाशात घेतलेल्या लाळेतील मेलाटोनिनच्या चाचण्यांतून दिसले आहे. घरी पडताळण्यासाठी दोन आठवडे, सुट्टीच्या दिवसांसह, झोपेच्या व उठण्याच्या वेळा वहीत लिहाव्यात. मोकळीक मिळताच मूल उशिरा झोपून उशिरा, पण ताजेतवाने उठत असेल, तर शरीराचे घड्याळच मागे पडले असण्याची शक्यता अधिक (मोबाइलचा प्रकाश त्यात भर घालतो, हेही खरे). एडीएचडीच्या काही औषधांमुळेही झोप लागायला उशीर होतो, म्हणून मेलाटोनिनच्या गोळीचा निर्णय ही वही डॉक्टरांना दाखवूनच घ्यावा.