विचारायच्या आधी उत्तर असतं का? क्वांटम लॉजिक आणि आपला ‘मी’

बडोद्यातल्या मराठी माणसाला दोन प्रश्न जन्मभर विचारले जातात, “तुमचं मूळ गाव कोणतं?” आणि “म्हणजे आता तुम्ही बडोदेकरच ना?” दांडिया बाजारात चार पिढ्या गेलेल्या घरातसुद्धा हे चालूच असतं. आता आधी मूळ गाव विचारलं की माणूस मनाने वाई-सातारा करत तिकडे पोचतो आणि मग बडोदेकर म्हणवून घ्यायला जरा अडखळतो, आणि आधी बडोदेकर का असं विचारलं तर ठणकावून हो म्हणतो नि मूळ गाव “होतं कोकणात कुठेतरी” एवढ्यावर आटपतं. माणूस तोच, प्रश्न तेच, क्रम फक्त बदलला. तो खोटं बोलत नाही, दोन्ही वेळा अगदी मनापासून सांगतो, आणि म्हणूनच मला हे फार मोलाचं वाटतं.

असं होतं हे मोजलेलं आहे. सप्टेंबर १९९७ मध्ये अमेरिकेत गॅलप या जनमत चाचणी संस्थेच्या सर्व्हेत विचारलं गेलं, तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष क्लिंटन प्रामाणिक वाटतात का, आणि उपराष्ट्राध्यक्ष अल गोर वाटतात का. अर्ध्या लोकांना आधी क्लिंटन, अर्ध्यांना आधी गोर. पहिलाच प्रश्न असताना क्लिंटनना ५० टक्के लोक हो म्हणाले आणि गोरना ६८, पण तोच प्रश्न दुसऱ्या नंबरवर आला तेव्हा ५७ आणि ६०. म्हणजे १८ चा फरक एकदम ३ वर आला! मत आत आधीपासून तयार बसलेलं असतं आणि विचारणारा ते नुसतं बाहेर काढतो असं आपण धरून चालतो, पण तसं असेल तर क्रमाने एवढा फरक का पडावा?

क्रमाने फरक पडणं फिजिक्समध्ये नेहमीचंच आहे. पोलरॉइड गॉगलची काच असते तसे तीन फिल्टर घ्या. पहिला उभा, दुसरा आडवा ठेवला की उजेड बंद, पलीकडे काळोख. तिसरा ४५ अंशात तिरका करून त्या काळोखाच्या बाजूला लावला तरी काही होत नाही, पण तोच तिरका फिल्टर दोघांच्या मध्ये सरकवला की उजेड परत दिसायला लागतो, पहिल्यातून निघालेल्या प्रकाशाचा साधारण चौथा भाग. अडवणारी एक वस्तू वाढवली आणि उजेड वाढला! कारण प्रत्येक फिल्टर म्हणजे फोटॉनला, म्हणजे प्रकाशाच्या कणाला, विचारलेला प्रश्न आहे, आणि त्यातून पार झालेला फोटॉन पहिल्यासारखा राहत नाही, त्या प्रश्नाच्या दिशेने वळलेला असतो.

१९३६ मध्ये गॅरेट बर्कहॉफ आणि जॉन फॉन नॉयमन या दोन गणितज्ञांनी यावरून वेगळं तर्कशास्त्रच मांडलं, तेच क्वांटम लॉजिक. आपला रोजचा तर्क सांगतो की “शेवउसळ खाईन आणि वर चहा किंवा कॉफी घेईन” म्हणजेच “शेवउसळ आणि चहा, नाहीतर शेवउसळ आणि कॉफी”. फोटॉनला हे लागू होत नाही. उभ्या फिल्टरमधून आलेला, म्हणजे उभा फोटॉन “उजवीकडे तिरका किंवा डावीकडे तिरका” हे विधान पाळतो, क्वांटम लॉजिकमध्ये ते कायम खरंच असतं, पण “उभा आणि उजवा तिरका” कधीच खरं नसतं, “उभा आणि डावा तिरका” पण नाही. ‘किंवा’ खरं आहे आणि त्यातला एकही पर्याय खरा नाही, हे पचायला वेळ लागतो, दोनदा वाचलं तरी चालेल.

हेच गणित माणसाच्या मतांना लावणारे संशोधक आहेत, मानसशास्त्रज्ञ जेरोम बुसमायर त्यातलं मोठं नाव. त्यांच्या थिअरीतून एक कडक अट निघते, की एकाला हो आणि दुसऱ्याला नाही म्हणणाऱ्यांची एकूण टक्केवारी क्रम उलटा केला तरी तेवढीच राहिली पाहिजे. २०१४ मध्ये ७० राष्ट्रीय सर्व्हे घेऊन हे तपासलं आणि बहुतेक ठिकाणी अट पाळली गेली. बेसबॉल खेळाडू पीट रोज आणि शूलेस जो जॅक्सन यांच्यावरच्या एका जुन्या सर्व्हेत ती मोडते, पण तिथे प्रश्नांसोबत नवी माहितीही दिली होती, आणि मध्ये माहिती घुसली की ही अट लागू राहत नाही हे थिअरीतच आहे. मला हा भाग सगळ्यात पटतो, कारण थिअरी कुठे चालणार नाही हेही तीच सांगते.

यावरून मेंदू क्वांटम कॉम्प्युटर आहे असं मात्र कोणी समजू नये. भौतिकशास्त्रज्ञ रॉजर पेनरोज आणि भूलतज्ज्ञ स्टुअर्ट हॅमेरॉफ यांचा तसा दावा आहे, पेशींमधल्या मायक्रोट्यूब्यूल नावाच्या सूक्ष्म नळ्यांमध्ये क्वांटम अवस्था टिकतात म्हणून, पण भौतिकशास्त्रज्ञ मॅक्स टेगमार्कने २००० मध्ये हिशोब मांडला की मेंदूच्या उबेत त्या सेकंदाच्या एक लाख कोटीव्या भागाइतक्याही टिकणार नाहीत. वाद अजून चालू आहे. क्वांटम हीलिंगच्या नावाने पैसे घेणाऱ्यांपासून तर लांबच राहा. इथे फक्त तर्काचा साचा उसना घेतलाय, मेंदू आपला नेहमीचाच.

तरी ‘मी’बद्दल त्यातून बरंच निघतं. मी म्हणजे उत्तरांनी भरलेलं कपाट नसून एक अवस्था असेल, आणि उत्तर प्रश्नाबरोबर घडत असेल, तर “खरा मी कोणता, मराठी की बडोदेकर” याला विचारायच्या आधी उत्तरच नाही. लपलेलं नाही, नाहीच.

आणि कोणी काहीच विचारलं नाही तर? याच बडोद्यात, डिसेंबर १९०७ चं काँग्रेसचं सुरत अधिवेशन आटपल्यावर, योगी विष्णू भास्कर लेले यांनी अरविंद घोषांना ध्यानाला बसवलं होतं, येणारा प्रत्येक विचार आत शिरायच्या आधीच परतवून लावायचा म्हणून, आणि तीन दिवसांत मन शांत झालं असं अरविंदांनी पुढे स्वतः लिहिलंय. क्वांटम लॉजिकमध्ये अशा न विचारलेल्या अवस्थेला जागा आहे, ती लिहिताही येते, पण तिथे असताना आतून कसं वाटतं हे त्या गणितात कुठेच येत नाही, त्यासाठी मेंदूविज्ञानाकडेही आज समीकरण नाही.